मुक्त, मोफत, फुकट, बेवारस

मुंबईहून न्यू यॉर्कला थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तास हवेत असते. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या मराठी आईवडिलांना या तासांचा हिशेब पाठ झालेला असतो : दोन जेवणे, अर्धीमुर्धी झोप, दोन सिनेमे आणि तरीही उरणारे कितीतरी तास. गेली काही वर्षे हे उरलेले तास मी लॅपटॉपवर जुने संगणक-खेळ खेळण्यात घालवते. अटी दोनच. खेळासाठी पैसे मोजायचे नाहीत. आणि विमानात इंटरनेट नाही असे धरून चालायचे, म्हणजे खेळ पूर्णपणे आपल्याच यंत्रात असला पाहिजे.

या दोन अटींत बसणारे खेळ शोधू लागले तेव्हा खेळांची यादी तर झालीच, पण तिच्याबरोबर एक इतिहासही हाती लागला. अमुक खेळ पैसे न देता मिळतो, तो का मिळतो, असे विचारत मागे मागे गेले की कधी एखादे विद्यापीठ समोर येई, कधी बुडालेली कंपनी, कधी विमा कंपनी, कधी कुणाच्या वडिलांच्या कपाटातला खोका. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून 'फ्री' हा एकच शब्द आहे आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. मराठी इथे जास्त नेमकी आहे. ज्यावर कुणी कुलूप लावलेलेच नाही ते मुक्त. मालकाने आपणहून दिले ते मोफत. न विचारता घेतले ते फुकट. आणि ज्याला विचारावे असा मालकच सापडत नाही ते बेवारस. जुन्या खेळांचा इतिहास या चार शब्दांनी चांगला मांडता येतो, आणि कोणता खेळ टिकला, कोणता गेला, हेही त्यातून उलगडते.

मुक्त : केंटकीतली गुहा

सुरुवात एका गुहेपासून करावी लागते. अमेरिकेच्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची प्रचंड गुहासंहती आहे. शेजारची फ्लिंट रिज ही गुहासंहती आणि मॅमथ केव्ह आतून जोडलेल्या आहेत हे १९७२ साली एका शोधमोहिमेने सिद्ध केले. या मोहिमेत पॅट्रिशिया क्राउदर होत्या. त्यांचे पती विल क्राउदर हेही गुहांचे नकाशे काढणाऱ्यांपैकी. भुयारांच्या मोजमापांवरून ते संगणकावर नकाशे तयार करत. मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या संस्थेत ते नोकरीला होते, तिने अर्पानेटची, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाची, उभारणी केली होती आणि त्या जाळ्याच्या मूळ प्रोग्राम-लेखकांपैकी क्राउदर एक होते.

पुढे या दांपत्याचा घटस्फोट झाला. मुली भेटायला येत तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी असावे म्हणून १९७५-७६च्या सुमारास क्राउदर यांनी फोरट्रान भाषेत एक खेळ लिहिला. त्यात एकही चित्र नाही. आपण कुठे उभे आहोत ते पडद्यावर दोन-चार ओळींत सांगितले जाते, आणि खेळणाऱ्याने 'उत्तरेला जा', 'दिवा घे' अशा एक-दोन शब्दांच्या आज्ञा टाइप करायच्या. मूळ प्रोग्राम सुमारे ७०० ओळींचा. संगणकाची भीती नसलेल्यालाच नव्हे, तर कुणालाही खेळता यावा, असा तो रचलेला होता.

क्राउदर यांनी तो नोकरीच्या ठिकाणच्या यंत्रावर ठेवला आणि तो जाळ्यातून पसरला. स्टॅनफर्डमधला विद्यार्थी डॉन वुड्स याला तो सापडला. त्यात भर घालायची म्हणून लेखकाची परवानगी हवी. पण लेखकाचा पत्ता ठाऊक नव्हता. तेव्हा त्याने अर्पानेटवरच्या प्रत्येक यंत्रावर 'क्राउदर' या नावाने पत्र पाठवले. जाळेच एवढे लहान होते की पत्र पोचले आणि परवानगी आली. १९७७ साली वुड्स यांनी वाढवलेला हा खेळ 'अ‍ॅडव्हेंचर' किंवा 'कोलोसल केव्ह' या नावाने जगभर गेला. कथेच्या अंगाने जाणाऱ्या साहसी खेळांची सगळी वंशावळ इथून सुरू होते.

या कहाणीतला पुढचा भाग संशोधकाला जास्त मोलाचा वाटेल. क्राउदर यांचा वुड्सपूर्व मूळ पाठ हरवला, असेच अनेक वर्षे समजले जात होते. डेनिस जर्झ या इंग्रजीच्या प्राध्यापकाने तो स्टॅनफर्डच्या जुन्या साठवणीत, वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतल्या खात्याच्या प्रतीत, मिळवला. मग तो पाठ आणि प्रत्यक्ष केंटकीची गुहा त्यांनी शेजारी ठेवून तपासली आणि २००७ साली निबंध प्रसिद्ध केला. ज्ञानेश्वरीच्या किंवा गाथेच्या प्रती ताडून पाहणाऱ्यांच्या पद्धतीने एका संगणक-खेळाची पाठचिकित्सा झाली. खेळातली भुयारे बऱ्याच ठिकाणी खऱ्या भुयारांवर बेतलेली निघाली.

हा खेळ टिकला तो कुणी जपून ठेवला म्हणून नव्हे; तो सगळ्यांकडे होता म्हणून टिकला. त्याला कायदेशीर कागद तर चाळीस वर्षे नव्हता. २०१७ साली दोन्ही लेखकांच्या संमतीने त्याची वुड्स यांनी सिद्ध केलेली शेवटची आवृत्ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली आणि पूर्वापार चालत आलेल्या वहिवाटीवर शिक्का बसला. विमानासाठी याहून हलका खेळ नाही. बॅटरी खात नाही, माउस लागत नाही, आवाज नाही, आणि चहा आला तर तो तुमची वाट पाहत थांबतो.

मोफत : नमुना अंक आणि उशिराचे दान

मोफत देण्याचे दोन प्रकार दिसतात. पहिला व्यापाराचा. १९८२ साली अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ या दोघांनी स्वतंत्रपणे एक धाडस केले. आपला प्रोग्राम लोकांनी खुशाल एकमेकांना द्यावा, आवडला तर मात्र थोडे पैसे पाठवावेत. फ्लुगेलमन यांनी 'फ्रीवेअर' हा शब्द स्वतःच्या नावे नोंदवून घेतला होता, त्यामुळे इतरांना दुसरा शब्द शोधावा लागला आणि 'शेअरवेअर' रूढ झाला. खेळांच्या बाबतीत ही पद्धत जशीच्या तशी फारशी चालेना, कारण पूर्ण खेळ हाती पडल्यावर पैसे पाठवतो कोण? १९८७ साली स्कॉट मिलर यांनी तोडगा काढला. खेळाचे तीन भाग करायचे, पहिला मोफत वाटायचा, पुढचे दोन विकायचे. मराठी वाचकाला यात नवे काही नाही. आपल्या मासिकांनी नमुना अंक पाठवले आणि हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मध्ये क्रमशः कादंबऱ्या चालवल्या, त्यामागचे मानसशास्त्र हेच.

या पद्धतीचा कळस म्हणजे 'डूम'. १० डिसेंबर १९९३ रोजी त्याचा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला गेला आणि उतरवून घेणाऱ्यांच्या गर्दीने ते यंत्र कोलमडले. हा पहिला भाग आजही मोफत आणि रीतसर मिळतो, कारण तो वाटण्यासाठीच बनवलेला होता. चार वर्षांनी, डिसेंबर १९९७मध्ये, 'डूम'चे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी खेळाचा मूळ कोडही खुला केला. चित्रे, नकाशे, आवाज यांवरचे हक्क मात्र कंपनीकडेच राहिले. म्हणजे यंत्र मुक्त, पण त्यात घालायचा माल विकतचा. तेव्हा काही स्वयंसेवकांनी त्या यंत्रासाठी सगळी चित्रे आणि नकाशे नव्याने तयार केले. 'फ्रीडूम' नावाचा हा खेळ कुणाचेही काही न घेता उभा आहे.

दुसरा प्रकार दानाचा, आणि तो उशिरा येतो. इंग्लंडमधल्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअर या कंपनीने १९९४ साली 'बिनीथ अ स्टील स्काय' हा साहसी खेळ काढला. त्याची चित्रे 'वॉचमेन' या गाजलेल्या चित्रकादंबरीचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांची. दहा वर्षांत संगणक इतके बदलले की नव्या यंत्रांवर तो चालेना. दरम्यान २००१ साली लुडविग स्ट्रिगेयुस आणि व्हिन्सेंट हॅम या दोन तरुणांनी 'स्कमव्हीएम' हा प्रोग्राम सुरू केला होता. जुना खेळ ज्या मूळ इंजिनावर चाले ते इंजिन नव्या संगणकासाठी पुन्हा लिहायचे, आणि खेळाची जुनी चित्रे-संवाद त्यावर चालवायचे, असे त्याचे काम. रेव्होल्यूशनने या मंडळींना आपला मूळ कोड दिला, आणि २००३ साली तो खेळ आणि त्याच्या आधीचा 'ल्युअर ऑफ द टेम्पट्रेस' हे दोन्ही मोफत जाहीर केले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात बनलेला 'फ्लाइट ऑफ द अ‍ॅमेझॉन क्वीन' याच वाटेने आला.

या दानात कंपनीचे नुकसान काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. २००३ साली हे खेळ दुकानात मिळतच नव्हते, त्यामुळे गमावण्यासारखे काही नव्हते. मिळाले मात्र बरेच. खेळ विसरला गेला नाही, नवे खेळणारे मिळत राहिले, आणि २०२० साली कंपनीने त्याच कथेचा दुसरा भाग काढला तेव्हा पहिला भाग खेळलेली माणसे जगात होती.

फुकट : फ्लॉपीतला राजपुत्र

आता जरा आपल्याकडे. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत गल्लोगल्ली संगणक-वर्ग निघाले. सांगलीतल्या अशाच एका वर्गात मी डॉस आणि वर्डस्टार शिकले. तास संपला की सर दहा मिनिटे मोकळीक देत, आणि त्या दहा मिनिटांत काळ्या-हिरव्या पडद्यांवर दोनच नावे चालत : 'डेव्ह' आणि 'प्रिन्स'. हे खेळ कुणी बनवले, कुठले, त्यांना किंमत असते की नाही, हे प्रश्न आम्हांला पडले नाहीत. ते फ्लॉपीत होते, फ्लॉपी मित्राची होती, एवढे पुरे होते.

यातल्या 'डेंजरस डेव्ह'चे मूळ कळले तेव्हा मला विशेष आनंद झाला. तो जन्मला नियतकालिकात! १९८८ साली जॉन रोमेरो यांनी तो 'अपटाइम' या फ्लॉपीवर निघणाऱ्या मासिकासाठी लिहिला. त्या काळी अमेरिकेत अशी मासिके वर्गणीदारांना दरमहा टपालाने फ्लॉपी पाठवत, आणि तिच्यात लेखांबरोबर चालते प्रोग्राम असत. हेच रोमेरो पुढे 'डूम'च्या कर्त्यांपैकी एक झाले.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनर यांचा, १९८९चा. राजपुत्राची धाव, उडी, कड्याला लोंबकळणे आम्हांला इतके खरे का वाटे, याचे उत्तर साधे आहे. १९८५ साली मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना-उड्या मारताना चित्रित केले आणि त्या चित्रफितीवरून एकेक चौकट काढून घेतली. खेळाचे संगीत वडिलांचे. म्हणजे हा खेळ म्हणजे जवळजवळ घरगुती उद्योगच.

या खेळाला कुलूपही होते. पहिला टप्पा पार केला की एका खोलीत अक्षरे लिहिलेल्या बाटल्या येत. खेळाबरोबर छापील पुस्तिका मिळे. तिच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचे आद्याक्षर जिच्यावर असेल तीच बाटली प्यायची. ज्याच्याकडे पुस्तिका नाही, त्याने खेळ विकत घेतलेला नाही. ही बाटल्यांची खोली आमच्यापैकी कुणी पाहिली असेल असे वाटत नाही. आमच्यापर्यंत आलेल्या प्रतींतून ती कुणीतरी आधीच काढून टाकली होती.

हे गैर होते, यात शंका नाही. मेकनर यांना आमच्याकडून एक पैसाही मिळाला नाही. पण इतिहास लिहिताना दुसरी बाजूही नोंदवावी लागते. कुलूप तोडलेल्या प्रती सर्वदूर पसरल्या आणि टिकल्या. दुकानातले खोके गेले, पुस्तिका गेल्या. खुद्द मेकनर यांच्याकडचा मूळ कोडही वीसेक वर्षे बेपत्ता होता. २०१२ साली त्यांच्या वडिलांना कपाटात एक खोका सापडला, त्यात त्या फ्लॉप्या निघाल्या. चुंबकीय तबकडीवरची अक्षरे वर्षांगणिक पुसट होत जातात, त्यामुळे हा शोध वेळेशी शर्यतच होती. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी जुनी उपकरणे जोडून त्या वाचल्या, आणि मेकनर यांनी तो कोड अभ्यासकांसाठी सर्वांसमोर ठेवला. ठेवला याचा अर्थ हक्क सोडले असा मात्र नाही. 'प्रिन्स' आजही कायद्याने मोफत नाही, आणि म्हणूनच आमच्या पिढीचा सगळ्यात लाडका खेळ माझ्या विमानाच्या यादीत नाही.

बेवारस : विमा कंपनीच्या ताब्यातला खेळ

चौथ्या शब्दापाशी आले की सगळा प्रश्न गंभीर होतो. १९९६-९७च्या सुमारास इंटरनेटवर 'अबँडनवेअर' हा शब्द आला. कंपनी बुडाली किंवा तिने खेळ विकणे थांबवले, आता तो टाकून दिलेला आहे, तेव्हा तो घ्यायला हरकत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. व्यवहारात तो पटतो. कायदा तो मानत नाही. कायद्याच्या लेखी टाकून दिलेले असे काही नसतेच. मुदत संपेपर्यंत मालक असतोच, मग तो कुणाला माहीत असो वा नसो.

आणि मुदत लांब आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रोग्रामची गणना 'साहित्यकृती'त होते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११च्या १ जानेवारीला सर्वांची झाली. पुस्तकाच्या बाबतीत हे सोसते. १९३६ची प्रत आजही कपाटातून काढून वाचता येते. त्यासाठी १९३६चे डोळे लागत नाहीत. खेळाचे तसे नाही. अमेरिकेत कंपनीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कृतीवर ९५ वर्षे हक्क असतो. या हिशेबाने १९९३चा पूर्ण 'डूम' मुक्त व्हायला २०८९ साल उजाडेल. त्या वेळी १९९३ची फ्लॉपी वाचणारे यंत्र कुठे असेल, आणि फ्लॉपीवर तरी काय उरलेले असेल?

बेवारशीपणा म्हणजे काय, हे एका प्रवाशाच्या गोष्टीतून नीट कळते. अमेरिकेतला स्टीफन किक हा खेळांच्या कंपनीतला चित्रकार नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. ग्वाटेमालात मुक्कामी असताना त्याला १९९९चा 'सिस्टीम शॉक २' हा आवडता खेळ लॅपटॉपवर खेळावासा वाटला. तो चालेना, आणि रीतसर विकत घ्यावा तर कुठे मिळेना. खेळ बनवणारी लुकिंग ग्लास स्टुडिओज ही कंपनी २००० साली बंद पडली होती. किकने हक्कांचा माग काढला, तर ते मिशिगनमधल्या एका विमा कंपनीकडे निघाले. बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेबरोबर खेळही तिकडे गेला होता. किकने त्यांच्याशी करार केला, आणि फेब्रुवारी २०१३मध्ये तो खेळ पुन्हा विक्रीला आला. विकत घेतला की कुठेही, कुणालाही न विचारता चालेल, अशा स्वरूपात.

हीच मंडळी पुढे 'नो वन लिव्ज फॉरेव्हर' या २०००च्या खेळामागे लागली, आणि तिथे मात्र हात टेकले. हक्क तीन मोठ्या कंपन्यांत विभागलेले असावेत असा अंदाज. पण जुने करार कागदावर, कुठल्यातरी गोदामात. आपल्याकडे नेमके काय आहे, हे कुणालाच ठामपणे सांगता येईना. ते शोधण्याचा खर्च करायला कुणी तयार नाही, आणि दुसऱ्याने काढला तर मात्र दावा होऊ शकतो. वडिलोपार्जित वाड्याचे कज्जे ज्याने पाहिले आहेत त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. वाटण्या होत नाहीत, कुलूप निघत नाही, आणि वाडा पावसाने पडत जातो.

तेराशे मूकपट

किती वाडे पडले, याची मोजदाद झालेली आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क या अमेरिकी संस्थांनी जुलै २०२३मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. म्हणजे शंभरातले तेराच सरळ मार्गाने विकत घेता येतात. बाकीचे खेळायचे तर जुने यंत्र आणि जुनी तबकडी शोधा, संग्रहालयात प्रत्यक्ष जा, नाहीतर कायद्याच्या काठाकाठाने चाला. ग्रंथालयांनी अशा खेळांच्या प्रती संशोधकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्याव्यात, अशी मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे गेली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये ती नाकारली गेली.

हा आकडा वाचला तेव्हा मला पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आठवले. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट बनले. आज त्यांतले तीसएक उरले आहेत, आणि तेही कित्येक तुकड्यांत. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे आहे. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१चा. त्याची एकही प्रत नाही. संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, म्हणजे फाळके यांच्या पहिल्या चित्रपटानंतर ५१ वर्षांनी. तोवर जळायचे ते जळले होते, आणि चांदीसाठी वितळवायचे ते वितळले होते. त्या काळी चित्रपट ही जपायची वस्तू आहे असे फार थोड्यांना वाटे. ती करमणूक होती. आठवडा झाला की संपली.

संगणक-खेळांबद्दल आज आपण नेमके हेच म्हणतो. 'अ‍ॅडव्हेंचर'ला आता पन्नास वर्षे होत आली. फरक एवढाच की खेळांच्या प्रती बऱ्याचशा अजून आहेत, विखुरलेल्या, अनधिकृत, पण आहेत. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने जानेवारी २०१५मध्ये डॉसचे सुमारे २४०० खेळ ब्राउझरमध्येच चालतील असे ठेवले, आणि २०१९मध्ये आणखी २५०० घातले. त्यांतले कित्येक अशाच, कुणीतरी कधीतरी उतरवून घेतलेल्या प्रतींतून आलेले आहेत. फुकट घेणाऱ्यांनी नकळत संग्रहालय भरले, ही या इतिहासातली सर्वांत अवघड जागा आहे. तिचे समर्थन करता येत नाही, आणि तिच्याशिवाय उरले असते काय, हेही सांगवत नाही.

पस्तीस हजार फुटांवरची कसोटी

अर्काइव्हचे खेळ मात्र विमानात चालत नाहीत, कारण त्यांना जाळे लागते. इथे माझी दुसरी अट कामाला येते. सुरुवातीला ती निव्वळ सोयीची होती. पुढे लक्षात आले की जपणुकीची खरी कसोटी तीच आहे. जमिनीशी संबंध तुटल्यावर जो खेळ चालतो, तो कुणाच्या परवानगीवर जगत नाही. ज्याला दर वेळी दूरच्या सर्व्हरला विचारावे लागते, तो त्या सर्व्हरच्या मालकाच्या मर्जीइतकेच जगतो.

पत्त्यांचा 'सॉलिटेअर' घ्या. १९९० साली विंडोजबरोबर तो आला. वेस चेरी या उमेदवारीवर असलेल्या विद्यार्थ्याने तो लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रे सुझन केअर यांची. जगातल्या कचेऱ्यांत याहून जास्त खेळला गेलेला खेळ क्वचितच असेल. त्याचा आजचा अवतार जाहिराती दाखवतो, आणि त्या नको असतील तर वर्गणी मागतो. किंवा 'द क्रू' हा २०१४चा मोटारशर्यतींचा खेळ. एकट्याने खेळायचा असला तरी त्याला कंपनीचा सर्व्हर लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला, आणि पैसे देऊन घेतलेली प्रत घरोघरी निकामी झाली. यातून युरोपात ग्राहकांची चळवळ उभी राहिली. तिची मागणी एवढीच की विकणे थांबवा, पण विकलेले मारू नका. १९८९चा 'प्रिन्स' योग्य साधन वापरून आजही पळतो. २०१४चा 'द क्रू' दहा वर्षांत संपला. नवे जास्त टिकाऊ असते, हा समज इथे उलटा पडतो.

विमानाचा प्रवास समोर असलेल्या वाचकासाठी माझी यादी देते. 'कोलोसल केव्ह'ची मुक्त आवृत्ती. 'नेटहॅक' : १९८७पासून स्वयंसेवक सांभाळत असलेला, अक्षरांनीच रंगवलेला तळघरांचा खेळ, दर डावाला नवा नकाशा, आणि एकदा मेलात की पहिल्यापासून. 'डूम'चा पहिला भाग किंवा 'फ्रीडूम'. 'स्कमव्हीएम'बरोबर 'बिनीथ अ स्टील स्काय' आणि 'अ‍ॅमेझॉन क्वीन'. डॉसचे खेळ चालवायला 'डॉसबॉक्स' हा मोफत प्रोग्राम लागतो, तो २००२पासून आहे. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतले 'अरीना' आणि 'डॅगरफॉल' हे पहिले दोन खेळ कंपनीनेच अनुक्रमे २००४ आणि २००९ साली मोफत केले. शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून हेडफोन हवेत. छोट्या ट्रेवर माउस फिरत नाही, तेव्हा बाणांच्या कळांवर चालणारे किंवा थांबून विचार करू देणारे खेळ बरे. आणि एक काम घरीच करायचे : निघण्याच्या आदल्या दिवशी वायफाय बंद करून प्रत्येक खेळ एकदा चालवून पाहायचा. जो तेव्हा रुसतो, तो विमानातही रुसतो.

या यादीत बेवारस एकही नाही, आणि फुकट घेतलेला एकही नाही. सगळे मुक्त किंवा मोफत आहेत. यादी लहान आहे, याचे कारण खेळ कमी बनले हे नाही. देणारे हात थोडे निघाले. 'स्टील स्काय' देऊन टाकायला कंपनीला एक निर्णय आणि जुना कोड एवढेच लागले. असे निर्णय आणखी हजारो घेता येतील, आणि त्यांची वेळ फ्लॉपीवरची अक्षरे पुसली जाण्याआधीची आहे. मूकपटांच्या वेळी आपण ५१ वर्षे थांबलो. खेळांना ती वर्षे आता पुरी होत आली आहेत.